शटर डाउन? छे, काम चालू आहे!

आषाढी एकादशीला काय होतं? उपवास होतो, साबुदाण्याची खिचडी होते, सकाळपासून मोबाइलवर विठोबाचे फोटो येऊन आदळतात... आणि महाराष्ट्रातला लग्नाचा फोटोग्राफर ऑफिशियली बेकार होतो!

जोक नाही. त्या दिवशी देव झोपतात, चातुर्मास सुरू होतो आणि देवांबरोबर मुहूर्तही झोपतात. ते जागे होणार थेट कार्तिकी एकादशीला. मग आधी तुळशीचं लग्न आणि त्यानंतर माणसांची. मधले चार महिने हॉल रिकामे, बँडवाले गावी. त्यात अधिकमास घुसला तर विचारूच नका. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि चाराचे पाच महिने झाले. २०२४ मध्ये ऐन मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त होता, म्हणजे सुट्टीतल्या लग्नांचे हक्काचे दिवसच गेले. २०२६ च्या पंचांगात १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. शेअर बाजारवाले सेन्सेक्स बघतात, हे लोक दाते पंचांग बघतात. हल्ली काढीव मुहूर्त मिळतात, हॉलवाले डिस्काउंटही देतात हे मान्य. पण मुलीची आजी एकदा 'चातुर्मासात नको गं बाई' म्हणाली की विषय संपला.

हे सगळं ज्ञान मला कुठून? तर माझी रूममेट लग्नाची फोटोग्राफर आहे. (नाव छापायला सक्त मनाई आहे, त्यामुळे यापुढे ती फक्त 'रूमी'.) नोव्हेंबर ते जून ही मुलगी मला फक्त झोपलेली किंवा चार्जर शोधताना दिसते. आणि जुलै उजाडला की जो भेटेल तो तिला एकच डायलॉग मारतो, 'चार महिने सुट्टी? मजा आहे यार तुझी!'

आधी मलाही असंच वाटायचं, कारण बाहेरून ते तसंच दिसतं. पण सलग तीन पावसाळे एकाच फ्लॅटमध्ये काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. फोटोग्राफर चांगला आहे की नाही हे सीझनमध्ये कळतं. तो पुढच्या वर्षी फोटोग्राफर राहणार की नाही, हे मात्र या चार महिन्यांत ठरतं.

पहिला आठवडा माफ. तो झोपेचा. सहा-सात महिने दोन खांद्यांवर दोन कॅमेरे लटकवून, दिवसाला बारा-चौदा तास उभं राहून, रात्री अकराला थंड जिलबी आणि मठ्ठ्यावर जेवण उरकलेल्या माणसाचं शरीर कसं बोलतं ते मी ऐकलंय. अक्षरशः ऐकलंय, मान वळवली की कटकट आवाज येतो. रूमी जुलैमध्ये फिजिओकडे जाते. खांद्याचे आणि पाठीचे व्यायाम शिकून येते आणि ते हॉलमध्ये दाराच्या चौकटीला रबरी पट्टा बांधून करते. (त्या पट्ट्यात अडकून माझा चहा दोनदा सांडलाय.) तिचं लॉजिक सिम्पल आहे. कॅमेरा बिघडला तर भाड्यानं मिळतो, खांदा मिळत नाही.

दुसऱ्या आठवड्यात पेटारा उघडतो. पुणे-मुंबईचा पावसाळा आणि लेन्स यांचं जन्माचं वैर आहे. दमट हवेत काचेवर बुरशी धरते. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, लक्ष दिलं नाही तर काचेवरचं कोटिंगच खाऊन टाकते. हवेतला ओलावा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा हा या सगळ्याचा फंडा. बजेट असेल तर त्यासाठी विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट मिळतं. नसेल तर आपला स्वयंपाकघरातला हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि ओलावा दाखवणारं छोटं मीटर, बस्स. पुड्यांतल्या मण्यांचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरायच्या. लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवायचा घरगुती उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, तांदळाची पूड नको तिथे जाऊन बसते. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे कॅमेऱ्याची बॅग! त्या फोममध्ये ओलावा मस्त मुक्कामाला राहतो. सीझन संपला की बॅग कपाटावर टाकायची आणि नोव्हेंबरमध्ये झिप उघडायची, ही सवय हजारोंची लेन्स खाते.

हे झालं यंत्रांचं. पण खरं जे काम असतं, ते टेबलाखाली असतं. आमच्या टेबलाखाली हार्ड डिस्कची एक चळत आहे. मी ती सीझनमध्ये पाय ठेवायला वापरायचे, आता मला तिथे पाय न्यायलाही बंदी आहे.

गणित करून बघा. एका फोटोची रॉ फाइल ३० एमबीची धरली आणि एका लग्नात ४,००० क्लिक झाले, तर एकटे फोटोच १२० जीबी. व्हिडिओ वेगळा. अशी वीस-पंचवीस लग्नं. सीझनमध्ये रात्री दोनला घरी आल्यावर माणूस एवढंच करतो, कार्ड कम्प्युटरला लावतो, फोल्डरला 'न्यू फोल्डर २ फायनल' असं नाव देतो आणि झोपतो. जूनमध्ये या चळतीत काय कुठे आहे ते त्या विठ्ठलालाच ठाऊक.

रूमी या कामाला तीन आठवडे देते. प्रत्येक लग्नाचं फोल्डर एकाच पद्धतीनं, आधी तारीख, मग गाव, मग आडनावं. आत हळद, लग्न, रिसेप्शन वेगळं. नंतर प्रत्येक गोष्टीच्या तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. हा तीन-दोन-एकचा नियम पीटर क्रो या अमेरिकन फोटोग्राफरनं लोकप्रिय केला आणि आता आयटीवालेही तो आपला म्हणून सांगतात. तिसरी कॉपी क्लाउडवर ठेवायची तर अपलोडला जन्म जातो, म्हणून रूमीची तिसरी कॉपी सांगलीला असते, आईच्या कपाटात, पैठणीखाली. दर पावसाळ्यात ती माहेरच्या ओढीनं नाही, डिस्क ठेवायला सांगलीला जाते, असं तिची आई म्हणते.

आता तुम्ही म्हणाल, एवढी काय घाई? लग्नं झाली, लोक इन्स्टावर फोटो टाकून मोकळे झाले, कोण बघतंय फोल्डर?

मागच्या जुलैची गोष्ट. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. बाहेर धो धो पाऊस, रूमी डिस्क लावून बसलेली, मी एका डेडलाइनशी झटापट करत होते. तिचा फोन वाजला. फेब्रुवारीत साताऱ्याकडे तिनं एक लग्न केलं होतं, त्यातला नवरामुलगा बोलत होता. फोन स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकलं.

'ताई, आमची आजी गेली. परवा.'

रूमी काही बोलली नाही.

'तेराव्याला फ्रेम करायचीय. घरात शोधलं सगळीकडे, पण चांगला फोटोच नाही हो तिचा. आधार कार्डावरचा आहे फक्त. तुमच्याकडे लग्नातला असेल का एखादा?'

'बघते दादा. अर्ध्या तासात फोन करते.'

अर्धा तास लागला नाही. फोल्डर लागलेलं होतं, त्यामुळे दहा-बारा मिनिटांत सापडला. ग्रुप फोटोतली आजी होती, पण ती तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्यामागे. सापडला तो वेगळाच. दुपारी चारच्या सुमाराचा. लग्न लागून गेलंय, पंगती उठल्यात, नवरी रिसेप्शनच्या मेकअपला गेलीय, हॉलमध्ये ओळीनं रिकाम्या खुर्च्या. त्यातल्या एका खुर्चीत आजी एकटीच बसलीय. हिरवं नऊवारी, नाकात नथ, चपला काढून पाय वर घेतलेले आणि मूठ मिटलेली. झूम केल्यावर दिसलं, मुठीत उरलेल्या अक्षता होत्या. कॅमेऱ्याकडे बघून ती हसतेय, म्हणजे जरा लाजून, 'माझा कशाला गं' असं.

रूमीनं तो फोटो नीट केला, मोठ्या प्रिंटसाठी फाइल बनवली आणि पाठवली. पैशांचा विषय पलीकडून निघाला, तो तिनं तिथेच थांबवला. मग शेवटी तो मुलगा म्हणाला, 'आमचं अल्बमचं सिलेक्शन राहिलंय ना अजून. तिनं अल्बम बघितलाच नाही ताई.'

सिलेक्शन पाठवायचं त्यांच्याकडूनच राहिलं होतं. पाच महिने. तशी ती कॉमन गोष्ट आहे. नवीन संसार, नवीन नोकऱ्या, ३,००० फोटोंतून २०० निवडायचे कुणाला सुचतं? पण त्या संध्याकाळी रूमीनं एक वही काढली आणि ज्यांचं ज्यांचं सिलेक्शन अडकलंय त्या सगळ्या जोडप्यांना फोन लावत बसली. मेसेज नाही, फोन. 'तुम्हाला वेळ नसेल तर मी निवडून पाठवते, तुम्ही फक्त हो-नाही सांगा.' ऑगस्ट संपेपर्यंत नऊ अल्बम छपाईला गेले.

यातली धंद्याची बाजूही सांगायला हवी, कारण ती फारशी कुणी बोलत नाही. लग्नाचे पैसे साधारण तीन हप्त्यांत येतात, बुकिंगला, लग्नाच्या दिवशी आणि अल्बम दिल्यावर. म्हणजे टेबलाखाली अडकलेला प्रत्येक अल्बम हा फोटोग्राफरचा स्वतःचाच अडकलेला पैसा असतो. बाहेर नवीन काम शोधत फिरण्याआधी तो सोडवला तरी दोन महिन्यांचं भाडं निघतं. हे साधं गणित, पण १२ बाय ३६ च्या करिझ्मा अल्बमची पानं लावायचा इतका कंटाळा येतो की लोक त्यापेक्षा लडाखला जातात.

हो, लडाख. हा पण एक ऑफ सीझनचा रोग आहे. जुलै आला की लेहचे वर्कशॉप निघतात, सगळे एकाच पँगाँगच्या काठावर एकच फोटो काढून येतात. जावं, जरूर जावं, डोकं फ्रेश होतं. पण 'पर्सनल प्रोजेक्ट' म्हणून तो फोटो कुणी दाखवला की मला जरा हसू येतं. आपल्या मातीतलं उदाहरण बघा ना. वारी. ज्ञानोबांची पालखी पुण्यातून निघून दिवेघाट चढते आणि सासवडला जाते. सीझनची शेवटची लग्नं आणि हा दिवस साधारण मागेपुढेच येतात. मी रूमीबरोबर एकदा गेले होते. घाटाच्या कडेला वारकरी जास्त की फोटोग्राफर जास्त, असा प्रश्न पडावा! सगळ्यांना वरून दिसणारी ती वळणदार रांग हवी. संदेश भंडारे यांचं वारीवरचं किंवा तमाशावरचं पुस्तक ज्यांनी चाळलंय त्यांना कळेल, तिथे घाटाच्या वळणापेक्षा माणसं महत्त्वाची आहेत. आणि माणसं मिळवायची तर एका सकाळीत होत नाही, मुक्काम करावा लागतो. लग्नवाल्यांना हे खरंतर जमायला हवं. अनोळखी घरात शिरून दहा मिनिटांत घरचं होणं, हेच तर त्यांचं रोजचं काम.

लग्नाबाहेर जायचीही गरज नाही म्हणा. बंगळुरूचा महेश शांताराम. लग्नं शूट करायला लागला आणि त्याच लग्नांमधून त्यानं 'मॅट्रिमेनिया' नावाची फोटोमालिका उभी केली. नवरा-नवरी बाजूला राहतात आणि आपला झगमगाट, आपली हौस, त्या गर्दीतलं एकटेपण समोर येतं. त्यासाठी त्याला वेगळं लोकेशन लागलं नाही. सगळे ज्याला 'ब्रेक' म्हणतात त्या वेळात बघत राहायची नजर लागली.

प्रत्येक लग्नात अशी एक वेळ असते, तो चारचा टाइम. नवरी मेकअपला, नवरा झोपलेला, पाहुणे पेंगलेले. टीम बॅटऱ्या चार्जिंगला लावते, कार्ड रिकामी करते आणि मोबाइल काढते. साताऱ्याच्या आजीचा फोटो त्याच वेळातला. त्या फोननंतर रूमीनं सगळ्या सीझनची लग्नं पुन्हा उघडली आणि फक्त म्हातारी माणसं वेगळी काढली. खुर्चीत डुलकी काढणारे आजोबा, पानाचा डबा उघडलेली आत्याआजी, व्हीलचेअरवरून मंगलाष्टकं म्हणणारे काका. ११० का ११५ फोटो निघाले. त्यांच्या साध्या पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट काढून त्या त्या घरी कुरिअरनं पाठवल्या. बिल नाही, लोगो नाही. मी म्हटलं, 'अगं, मागे निदान नंबर तरी छाप, मार्केटिंग होईल.' तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी गपचूप माझ्या लॅपटॉपकडे वळले.

आता जरा रुक्ष भाग, पण वाचा. मास कॉमच्या दोन वर्षांत मला इन्व्हर्टेड पिरॅमिडपासून मॅक्लूहनपर्यंत सगळं शिकवलं, बिल कसं करायचं आणि करार कसा वाचायचा ते सोडून. फोटोग्राफीच्या कोर्सचंही तसंच असावं. रूमीनं एका पावसाळ्यात वकील मैत्रिणीबरोबर बसून स्वतःचं ॲग्रीमेंट नव्यानं लिहिलं. तेव्हा मला एक धक्का बसला. आपल्याला वाटतं ज्यानं फोटो काढला त्याचा कॉपीराइट. चूक! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा! म्हणजे कागदावर काहीच नसेल तर लग्नाचे फोटो कायद्यानं यजमानांचे. तुमच्या वेबसाइटवर, स्पर्धेत, पुस्तकात ते वापरायचे असतील तर आधी तसं लिहून घ्यायला हवं. व्हिडिओलाही हाच नियम. आता तिच्या कागदावर ते आहे, 'घरच्यांचे खासगी फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकणार नाही' हेही आहे, आणि सिलेक्शन ६० दिवसांत आलं नाही तर फोटोग्राफर निवडेल हे कलमही आहे. हे शेवटचं तिनं मागच्या जुलैनंतर घातलं.

ड्रोनचं पण तसंच. सगळ्यांना एंट्रीचा ड्रोन शॉट हवा असतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. त्याचं ट्रेनिंग डिसेंबरमध्ये कोण करणार? आणि आपलं लग्नाचं लॉन कुठल्या झोनमध्ये येतं ते बघायचं कामही घरी बसूनच होतं. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, तिथे 'चलता है' चालत नाही.

बरं, मग खायचं काय? हा प्रश्न रूमीचे बाबा दर पावसाळ्यात विचारतात, त्यांच्या शब्दांत 'मग सध्या काय करतेस तू?'

तिचा पैशाचा फंडा करोनानं शिकवला. २०२० च्या मार्चमध्ये लग्नं धडाधड रद्द झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर महाराष्ट्रात नियम आला, २५ माणसं आणि दोन तास. तेव्हा ती एका सीनियरकडे असिस्टंट होती, आणि हातात आलेले पैसे त्या त्या महिन्यात उडवणाऱ्या दोघा-तिघांना तिनं कॅमेरे विकताना बघितलं. म्हणून आता लग्नाचे सगळे पैसे एका वेगळ्या खात्यात जातात आणि एक तारखेला ती स्वतःला पगार देते. डिसेंबरमध्येही तेवढाच, ऑगस्टमध्येही तेवढाच. डिसेंबरमध्ये खात्यात भरपूर पैसे दिसतात तेव्हा मी पार्टी मागते, ती वडापाव देते. आणि पुढच्या सीझनचे बुकिंग ॲडव्हान्स जून-जुलैमध्ये येतात, त्यांना ती हातच लावत नाही. तिच्या भाषेत ती कमाई नाही, उधारी आहे. काम अजून केलंय कुठे?

शिवाय चातुर्मास म्हणजे अगदीच कोरडा नसतो. देव झोपले तरी माणसं सण करतातच. फेब्रुवारीत लग्न झालेली मुलगी श्रावणात मंगळागौर करते, आणि फोटोला हमखास तिच्याच लग्नाच्या फोटोग्राफरला बोलावते, फक्त तिनं अल्बम वेळेवर दिलेला असला पाहिजे! (बघा, पुन्हा अल्बम.) डोहाळजेवण, बारसं, गणपती, नवरात्रीचा गरबा, मग पहिला दिवाळसण. रजिस्टर लग्नाला तर मुहूर्तच नाही. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस दिली की झालं, मग बाहेर ढग फुटलेले असोत. रूमीला ही लग्नं मनापासून आवडतात. दहा माणसं, दोन हार, एक छत्री आणि संपूर्ण दिवसाचं काम दोन तासांत. पैसे कमी, पण फोटो बघा तुम्ही!

मंगळागौरीला मात्र हलकं घेऊ नका. रात्रीचं जागरण, घरातला नाही तर छोट्या हॉलमधला ट्यूबचा उजेड आणि समोर पंधरा बायका फुगडी, झिम्मा, पिंगा घालतायत. हलते फोटो नकोत म्हणून शटर स्पीड वाढवला की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मग एक-शतांश सेकंदावर थांबा, किंवा अँटी-फ्लिकर चालू करा, किंवा सरळ फ्लॅश छताला मारा. पण छताला मारला तर मागे उभ्या असलेल्या सासूबाईंचे डोळे दिपतात. त्याची प्रॅक्टिस आमच्या हॉलमध्ये होते. पिंगा मी घालते. शेजारच्या काकूंनी एकदा दार वाजवून 'सगळं ठीक आहे ना?' असं विचारलंय.

यंदाच्या जुलैत एक ट्विस्ट आला. ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली. स्टुडिओत बसून वस्तूंचे फोटो, दहा ते सात, शनिवार-रविवार सुट्टी, पीएफ, मेडिक्लेम. बाबांनी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते. मी प्रामाणिकपणे 'घे' म्हटलं. सहा महिने झोप नाही आणि सहा महिने काळजी, हे काय आयुष्य आहे? रूमी दोन रात्री एक्सेल शीट घेऊन बसली. वर्षाची कमाई, वजा असिस्टंटचे पैसे, वजा प्रवास, वजा कॅमेऱ्याचा ईएमआय, वजा छपाई, भागिले बारा. आकडा कंपनीच्या पगारापेक्षा थोडा खालीच आला. अडकलेल्या अल्बमचे पैसे धरले तर जवळपास बरोबरी.

तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना 'नाही' कळवलं. कारण विचारलं तर म्हणाली, 'मग्सचे फोटो काढून मला कुणी तेराव्याला फोन करणार नाही.' एवढंच. बाबा अजून नीट बोलत नाहीत तिच्याशी, आणि मला त्यांचंही चुकतंय असं वाटत नाही. पीएफ ही छान गोष्ट आहे, माझ्याकडेही नाही.

सध्या आमच्या भिंतीवर एक मोठं कॅलेंडर आहे. तुळशीच्या लग्नानंतरचे चौदा दिवस लाल पेननं गोल केलेत. त्याआधीच्या रकान्यांत 'सेन्सर क्लीनिंग', 'सांगली डिस्क', 'फिजिओ', 'सेकंड शूटरचं पेमेंट' असलं काहीबाही. येत्या मंगळवारी तिच्याकडे दोन मंगळागौरी आहेत, एक सकाळची पूजा, एक रात्रीचं जागरण. रात्रीच्याला असिस्टंट गावी गेलाय म्हणून लाइट धरायला मला बोलावलंय. मानधन ठरलंय, भाजणीचे वडे आणि मटकीची उसळ, पोटभर.